अनुभव धागा: डेस्कटॉप गोठला तेव्हा नेमके काय अडकले होते?

डेस्कटॉप समोर दिसत असतो, आयकॉन जागच्या जागी असतात, पण क्लिक केले तरी काहीही घडत नाही. अशा वेळी हात बहुधा थेट पॉवरच्या बटणाकडे जातो. ते चार-पाच सेकंद दाबून धरले की संगणक बंद पडतो आणि पुन्हा सुरू केल्यावर बऱ्याचदा मुकाट्याने चालूही लागतो. मात्र तो का अडकला हे सांगणाऱ्या बहुतेक खुणा त्या बटणासरशी पुसल्या जातात आणि काही दिवसांनी तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

घरच्या संगणकाबाबत असे अनुभव आपल्यापैकी अनेकांना आले असतील, ते येथे लिहावेत. ‘रीस्टार्ट केला, ठीक झाला’ एवढ्यावर न थांबता, संगणक अडकला त्या क्षणी काय हलत होते आणि काय थांबले होते, हे आवर्जून नोंदवावे ही विनंती. कर्सर फिरत होता का, कोपऱ्यातील घड्याळ पुढे सरकत होते का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत होता का, गाणे चालू असल्यास ते पुढे गेले की एकाच सुरावर खरखरत राहिले, डिस्कचा दिवा सतत पेटलेला होता का, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवरून दोष कोणत्या थरात आहे हे पुष्कळदा कळते.

सुरुवात माझ्यापासून करते. माझ्या विंडोजच्या संगणकावर डेस्कटॉपवरील कोणत्याही फाइलवर उजवी क्लिक केली की सारे काही थिजत असे. आयकॉन, टास्कबार, स्टार्ट मेन्यू यांपैकी काहीच दाद देत नसे. मात्र आधीपासून उघडलेल्या ब्राउझरमधील व्हिडिओ निर्वेध चालू राहत असे. येथेच उत्तराचा अर्धा भाग दडलेला होता. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या हे सारे ‘एक्सप्लोरर’ हा प्रोग्राम दाखवतो. तो अडकला तर समोरचे सारे मेल्यासारखे दिसते, पण त्याखालची प्रणाली जिवंत असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तेथे ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ केले की क्षणभर टास्कबार नाहीसा होऊन परत येतो आणि बाकीचे प्रोग्राम तसेच चालू राहतात.

हा झाला तात्पुरता इलाज. मूळ कारण असे निघाले, की फाइली आकुंचित करणाऱ्या एका जुन्या प्रोग्रामने उजव्या क्लिकच्या मेन्यूत स्वतःची ओळ घातली होती. अशी भर एक्सप्लोररच्या पोटातच चालते, त्यामुळे ती अडकली की एक्सप्लोररही अडकतो. ‘शेलएक्सव्ह्यू’ नावाच्या मोफत साधनात अशा सगळ्या भरींची यादी दिसते. बाहेरून आलेल्या भरींपैकी निम्म्या बंद करायच्या, उजवी क्लिक करून पाहायचे, मग उरलेल्यांपैकी निम्म्या, अशा रीतीने दोषी ओळ लवकर सापडली.

* * *

माझा अनुभव अगदी लहान आहे, पण धाग्यातील प्रश्नांच्या क्रमासाठी उपयोगी ठरावा. कर्सर थांबला होता, कळफलकही चालत नव्हता, म्हणून संगणक गोठला असे घरातील सर्वांनी ठरवून टाकले. घड्याळातील मिनिटे मात्र बदलत होती. माउस आणि कळफलक दोन्ही बिनतारी असून त्यांचा चिमुकला रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, बाहेरच्या हार्ड डिस्कला अगदी खेटून लावलेला होता. यूएसबी ३ वर माहितीची ये-जा चालू असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो आणि बहुतेक बिनतारी माउस याच पट्ट्यात बोलतात. छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर दूर नेल्यावर तक्रार संपली. तारेचा एक साधा माउस घरात असावा, एवढेच सुचवतो.

* * *

माझ्याकडील संगणक पूर्ण गोठत नसे, तर अडखळत असे. कर्सर फिरे, पण कशावरही क्लिक केले की अर्धा-एक मिनिट काहीच होत नसे आणि मग साठलेले सगळे क्लिक एकदम अमलात येत. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आणि मेमरी निवांत होत्या. डिस्कचा वापर मात्र १०० टक्के दाखवला जात होता आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखनाचा वेग जवळजवळ शून्य होता. ही जोडी महत्त्वाची आहे. वापर आणि वेग दोन्ही जास्त असतील, तर कोणता तरी प्रोग्राम खरोखर काम करीत असतो, उदाहरणार्थ व्हायरस तपासणी किंवा अपडेट. वापर जास्त आणि वेग नगण्य असेल, तर डिस्ककडून उत्तरच येत नाही असे समजावे.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात ‘सिस्टम’ या नोंदवहीत त्याच वेळेच्या इशाऱ्यांची रांग होती. त्यांतील क्रमांक १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर न दिल्यामुळे तिची जोडणी नव्याने सुरू करावी लागली, तर क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक आढळला. माझ्याकडे १२९ पुष्कळ होते आणि ७ एकही नव्हता. मग डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेली नोंद, पाहिली. खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या शून्य होती, पण सीआरसी त्रुटींची, म्हणजे माहिती पोहोचताना बिघडल्याच्या प्रसंगांची, संख्या सतत वाढत होती. ही त्रुटी बहुधा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील वाटेवर घडते, म्हणून नवी डिस्क घेण्याऐवजी साटा केबल बदलून पाहिली आणि अडखळणे थांबले. केबल बदलल्यावर तो आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, हे लक्षात ठेवावे. तो वाढायचा थांबला की नाही, एवढेच पाहायचे असते.

ज्यांच्याकडे क्रमांक ७ ची नोंद किंवा प्रतीक्षेतील सेक्टर दिसतील, त्यांनी आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि मगच चेकडिस्क चालवावे. संपूर्ण पृष्ठभाग तपासणारे चेकडिस्क आजारी डिस्कवर तासन्‌तास ताण देते आणि कधी कधी तोच तिचा शेवटचा प्रवास ठरतो.

* * *

वरील तपास वाचनीय आहेत, तरीही थोडा वेगळा सूर लावतो. वर्षातून एखाद्या वेळी संगणक अडकला तर घरच्या माणसाने नोंदवह्या धुंडाळण्याची काहीच गरज नाही. निःशंकपणे रीस्टार्ट करावे. तेच लक्षण पुन्हा दिसले, तर मात्र त्या वेळी काय उघडलेले होते हे कागदावर लिहून ठेवावे. तेच लक्षण तिसऱ्यांदा दिसले, की ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडावा. विंडोजमधील हे साधन दुर्लक्षित असले तरी इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा कितीतरी सुबोध आहे. त्यात दिवसागणिक आलेख असतो आणि कोणत्या दिवशी काय बसवले, कोणत्या दिवसापासून काय कोसळू लागले, हे शेजारीशेजारी दिसते. मॅक वापरणाऱ्यांनी ऑप्शन, कमांड आणि एस्केप दाबावे. येणाऱ्या यादीतून अडकलेला प्रोग्राम सक्तीने बंद करता येतो आणि फाइंडर निवडल्यास तो पुन्हा सुरू होतो.

* * *

येथे लिनक्सचा अनुभव अजून आलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या जुन्या संगणकात ४ जीबी मेमरी होती. ब्राउझरच्या बऱ्याच टॅब उघडल्या की डेस्कटॉप हळूहळू चिखलात रुतल्यासारखा होई; कर्सर काही सेकंदांनी एकदा उडी मारे आणि हार्ड डिस्कचा दिवा अखंड पेटलेला असे. मेमरी संपत आली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीतील काही पाने (माहितीचे तुकडे) डिस्कवरील स्वॅप या राखीव जागेत हलवते. पण लगेच तीच पाने परत हवी असतील, तर सारा वेळ या ने-आणीतच जातो. कर्नलकडे मेमरी संपल्यावर एखादा प्रोग्राम ठार करण्याची सोय आहे, परंतु ती फार उशिरा जागी होते.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जावे. ते उघडण्यास मिनिटभर लागले तरी धीर धरावा. तेथे लॉगिन करून ‘टॉप’ चालवले की सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्राम दिसतो आणि तो तेथूनच बंद करता येतो. डेस्कटॉपवर परतण्यासाठी वितरणानुसार (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांनुसार) एफ१, एफ२ किंवा एफ७ वापरावे लागते. कन्सोलही उघडत नसेल, तर ऑल्ट आणि सिस्‌आरक्यू, म्हणजे बहुधा प्रिंट स्क्रीनचीच कळ, दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबावीत. यातील एस न लिहिलेली माहिती डिस्कवर उतरवते, यू डिस्क केवळ वाचनासाठी जोडते आणि बी संगणक पुन्हा सुरू करते. पॉवरच्या बटणापेक्षा ही पद्धत फाइल सिस्टमसाठी पुष्कळ सौम्य आहे. यापूर्वी आर, ई, आय ही अक्षरेही दाबावीत असे सर्वत्र सांगितले जाते. पण उबुंटूमध्ये मूळ मांडणीनुसार ती तीन बंद ठेवलेली असतात, म्हणून त्यांचा परिणाम न दिसल्यास गोंधळून जाऊ नये.

पुढे मी ‘अर्लीऊम’ बसवले. मेमरी अगदी तळाला जाण्याआधीच ते सर्वांत खादाड प्रोग्राम बंद करते. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.०४ पासून याच कामासाठी ‘सिस्टमडी-ऊमडी’ आधीपासूनच दिलेले आहे. एखादी टॅब अचानक नाहीशी झाल्याचा राग येतो खरा, पण सारा डेस्कटॉप गमावण्यापेक्षा मला तो सौदा परवडतो.

* * *

गाण्याचा प्रश्न धाग्यात आला म्हणून लिहितो, कारण माझ्या बाबतीत निदान गाण्यानेच झाले. चित्र आणि कर्सर दोन्ही गोठलेले, पण गाणे शेवटपर्यंत सुरळीत वाजले. म्हणजे प्रोसेसर, डिस्क आणि प्रणाली यांचे काम चालू होते आणि अडले होते ते फक्त पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो, ‘बीप’ ऐकू येते आणि उघडलेले काम शाबूत राहते. एरवी ग्राफिक्स कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर विंडोज आपण होऊन असाच प्रयत्न करते, पण दर वेळी तो साधतोच असे नाही. माझ्याकडे ड्रायव्हरची नवी आवृत्ती आल्यापासूनच हे सुरू झाले होते. डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक’ने मागील आवृत्ती परत आणली आणि पुढची सुधारित आवृत्ती येईपर्यंत तीच ठेवली.

* * *

सगळ्यांत अवघड प्रकार तो, ज्यात काहीच जिवंत नसते. कॅप्स लॉकचा दिवा बदलत नाही, आवाज एकाच सुरावर खरखरतो, कंट्रोल-ऑल्ट-डिलीटलाही उत्तर मिळत नाही. माझ्याकडे नेमके हेच होत असे आणि नंतर नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही एकच ओळ मिळे. ती पाहून वीजपुरवठ्याचा भाग बदलायला धावणारे अनेक आहेत. वास्तविक ती नोंद संगणक पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि मागच्या वेळी तो नीट बंद झाला नव्हता, एवढेच सांगते. आपणच बटण दाबून तो बंद केला असेल, तरी तीच ओळ उमटते.

अशा ठिकाणी संशयित दोन: उष्णता आणि मेमरी. तापमान पाहिले तर ते मर्यादेत होते, पंख्याच्या पात्यांवर धूळही नव्हती. मग ‘मेमटेस्ट८६’ यूएसबीवर घेऊन रात्रभर चालवले आणि सकाळी लाल ओळी दिसल्या. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून तपासल्यावर मौज अशी, की स्वतंत्रपणे दोन्ही निर्दोष ठरल्या. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, मेमरीचा वेग वाढवणारी ‘एक्सएमपी’ ही मांडणी चालू होती आणि त्या वेगाने दोन्ही पट्ट्या एकत्र स्थिर राहत नव्हत्या. ती बंद करून मूळ वेगावर आणल्यावर चाचणी निर्दोष झाली आणि गोठणेही थांबले. वेगातील फरक रोजच्या कामात मला तरी जाणवलेला नाही.

* * *

आईच्या संगणकाबाबत हे सारे मला फोनवरून करावे लागले. संगणक सुरू झाल्यावर डेस्कटॉप दिसे, पण पहिली काही मिनिटे ‘धिस पीसी’ उघडले की हिरवी पट्टी रेंगाळत राही. “मी रोज रात्री बंद करते, तरी तो थकलेलाच उठतो,” असे ती म्हणे. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’ येथे ‘अप टाइम’ काय दिसते ते तिला वाचायला सांगितले, तर तो आकडा कित्येक दिवसांचा निघाला. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यास कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणली जाते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सारे नव्याने सुरू करते. शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ केले तरी खरोखरचे बंद होते.

रीस्टार्टनंतर रेंगाळणे कमी झाले, संपले नाही. उरलेले कारण म्हणजे फोटो ठेवण्यासाठी एकेकाळी जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह. ते उपकरण केव्हाच बंद झाले होते, पण त्याचे अक्षर यादीत तसेच होते आणि एक्सप्लोरर दर वेळी त्याच्या उत्तराची वाट पाहत असे. ‘डिसकनेक्ट’ केल्यावर खिडकी लगेच उघडू लागली. ‘फास्ट स्टार्टअप’ही आम्ही बंद केले; तिच्या संगणकात एसएसडी असल्यामुळे सुरू होण्यास काही सेकंदच अधिक लागतात, जुनी हार्ड डिस्क असती तर हा निर्णय घेताना मी थोडा विचार केला असता.