अनुभव धागा: लिंकांचं कमिशन, क्रिएटरची कमाई आणि बदललेले रेट (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भाग)

टिळकवाडीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आपल्या भागात आता प्रत्येक गल्लीत एकजण तरी लिंका टाकणारा (म्हणजे साईटवरच्या वस्तूची लिंक द्यायची, त्यावरून कुणी घेतलं की कमिशन), रील करणारा नाहीतर घरातून माल पाठवणारा आहेच, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, रेट बदलला. कुणाचं कमिशन खाली आलं, कुणाला "नवीन गिऱ्हाईक आणलं तरच" अशी अट लागली, कुणाचे पैसे स्क्रीनवर दिसतात पण खात्यात येत नाहीत. व्हॉट्सअॅपवर हे सगळं दुसऱ्या दिवशी वाहून जातं म्हणून इथं एका जागी लिहूया. एकच विनंती, ज्या साईटशी तुमचं भांडण आहे तिचं नाव नको. रेट काय होता ते सांगाच पण तुम्ही पुढं काय केलंत तेही सांगा.

सुरुवात मी करते. मी लग्नपत्रिका, बारसं, हळदीकुंकू यांची टेम्प्लेट्स विकते, मराठी आणि कन्नड दोन्हीतली, कारण आपल्याकडं पत्रिका बऱ्याचदा दोन्हीत लागते. आधी साधं होतं, एक टेम्प्लेट विकलं की त्याचा ठरलेला वाटा मला. मग साईटनं महिन्याची मेंबरशिप काढली, गिऱ्हाईक एकदाच पैसे भरणार आणि पाहिजे तेवढं उतरवून घेणार. त्या गोळा झालेल्या पैशातनं साईट आपला हिस्सा बाजूला काढते आणि उरलेलं सगळ्यांच्या डाऊनलोडच्या प्रमाणात वाटते. त्यामुळं झालं असं की माझे डाऊनलोड वाढले आणि पैसे उतरले, आणि मी टेम्प्लेटची किंमत काय लावते याला आता काही अर्थच राहिला नाही. फोटो विकणाऱ्यांना हे जुनं आहे म्हणा. फोटो विकणाऱ्या शटरस्टॉक साईटनं २०२० च्या जूनमध्ये फोटोवाल्याच्या वाट्याच्या १५ ते ४० टक्के अशा पायऱ्या केल्या, जितके फोटो खपतील तितकी वरची पायरी, पण दर १ जानेवारीला सगळे परत तळाला. आपल्या धंद्याला असा नियम लागला तर बघा, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, जरा कुठं वर चढतोय तोवर जानेवारी.

मी सध्या नावं-तारखा घालून पत्रिका पूर्ण करून देते आणि त्याचे पैसे थेट घेते. तयार टेम्प्लेट साईटवर ठेवलंय, ते जाहिरातीसारखं.

शहापूरची वहिनी

मी साड्यांचे व्हिडिओ करते, बोलायची हौस होतीच. आधी मोठ्या साईटवरच्या तयार साड्या, कुर्ते यांच्या लिंका टाकायचे. कपड्यावर सरसकट एक रेट होता तेव्हा बरं चाललेलं. मग त्यांनी जुनं गिऱ्हाईक आणि नवं गिऱ्हाईक असे दोन भाग केले, नव्याला चांगलं कमिशन आणि जुन्याला नावापुरतं. आता मला सांगा शहापूर-वडगावात नवं गिऱ्हाईक उरलंय कुठं? ज्या बाईच्या हातात फोन आहे तिनं तिथनं एकदा तरी काहीतरी मागवलेलंच आहे.

आणि रेटपेक्षा जास्त मार बसतो तो रिटर्नचा, हे कुणी बोलत नाही. साडी परत जाते ती रंगामुळं. फोनवर मोरपंखी दिसते आणि घरी येते ती हिरवी. शिवाय बायका तीन मागवतात, एक ठेवतात, दोन परत. ज्या परत गेल्या त्यांचं कमिशन कापलं जातं ते ठीक आहे पण जी ठेवली तिचंसुद्धा परत करायची मुदत संपेपर्यंत "पेंडिंग" दिसतं, मग महिना बंद व्हायचा, मग त्यांचा पैसे सोडायचा दिवस यायचा. दिवाळीचं कमिशन संक्रांतीला हातात, तोवर मुलांच्या फटाक्यांची उधारीसुद्धा फिटलेली असते.

आता मी इथल्याच विणकरांच्या साड्या दाखवते. माग आमच्या मागच्या गल्लीत, साडी उजेडात धरून खरा रंग दाखवते आणि किंमत तिथंच सांगते. मधे कुणी नाही. पण पॅकिंग, कुरिअर, "ताई अजून आली नाही" हे सगळं आता माझ्या डोक्यावर आहे हेही खरं. पैसे जास्त मिळतात, लई नाही.

अथणी_चप्पल

मी दुसऱ्या बाजूचा हाय. तुमचं कमिशन शेवटी माझ्या चपलंतनंच जातंय की ओ.

हिशेब मांडतो, आकडे समजायला धरलेत. जोडी १२०० ची. साईटचं कमिशन १५ टक्के धरा, १८० रुपये. त्या १८० वर १८ टक्के जीएसटी, ३२ रुपये ४० पैसे. पाठवायचा खर्च ९० धरा. आता नवीन काय, तर क्रिएटरच्या लिंकवरनं माल गेला तर क्रिएटरचं कमिशन बी विक्रेत्याकडनंच, ८ टक्के धरलं तर ९६. झाले ३९८ रुपये ४० पैसे. उरले ८०१ रुपये ६० पैसे, त्यात आमचा चपलेवरचा जीएसटी भरायचा, कातडं, शिलाई, वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी सगळं त्यातच. आणि जोडी परत आली तर येतानाचं भाडं वेगळं, ते हिशेबात धरलंच न्हाई.

सरकारनं २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के केला, आधी हजाराच्या वर १८ होता. तिथं जरा हात सुटला म्हणेपर्यंत इकडं कमिशनात गेला.

अजून एक. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हंजे त्या भागाचा माल म्हणून सरकारी शिक्का, मिळाला तो आठ जिल्ह्यांना हाय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर इकडचे. पण रील करणारी पोरं माझी चप्पल हातात घेऊन "डायरेक्ट कोल्हापूरहून" म्हणत्यात. कमिशन माझ्याकडनं आणि नाव दुसऱ्या गावचं.

निपाणी_घरगुती

माझा प्रश्न रेटचा नाहीच. मी कांदा-लसूण मसाला, शेंगाची चटणी, जवसाची चटणी करते. जीएसटी नंबर नाही, घेण्याएवढी उलाढालही नाही. आधी सगळे सांगायचे की नंबराशिवाय कुठलंच पोर्टल घेत नाही, आणि तेव्हा तसंच होतं. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला, वर्षाला ४० लाखांच्या आतल्या लहान विक्रेत्याला पूर्ण नोंदणी न करता नुसता एनरोलमेंट नंबर काढून पोर्टलवर माल विकता येतो. मी काढला. पण अट अशी की फक्त आपल्या राज्यात विकायचं.

म्हणजे माझा मसाला ५०० किलोमीटरहून लांब बेंगळुरात जातो आणि शेजारी महाराष्ट्रातल्या कागलला जात नाही. कागलला माझी नणंद दिलीय ओ!

बरं यात रेफरलचं काय होतं बघा. माझा मसाला दाखवणार कोण, तर मराठीत व्हिडिओ करणारी मुलगी. तिचे बघणारे कुठले, तर कोल्हापूर, इचलकरंजी, पुणे. ते लिंक दाबतात आणि तिथं येतं की तुमच्या पिनकोडवर हा माल मिळत नाही. मग तिला कमिशन शून्य आणि मला ऑर्डर शून्य. बिचारीनं फुकट दाखवलं तरी उपयोग नाही. आणि बेंगळुरातली माणसं माझी मराठी बडबड कशाला ऐकत बसतील? तिथं माझं गिऱ्हाईक म्हणजे इकडून नोकरीला गेलेली आपलीच पोरं, तेवढी मात्र नेमानं मागवतात.

खातेवही

बेळगावात कॅम्प भागात हिशेबाचं काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

निपाणीच्या ताई, पोर्टल सोडून तुम्ही स्वतः कुरिअरनं कागलला मसाला पाठवला तरी तो राज्याबाहेरचा पुरवठा होतो आणि त्याला नोंदणी लागते. ४० लाखांची सूट राज्यातल्या विक्रीला आहे. नणंदबाई निपाणीत येऊन घेऊन गेल्या तर ती इथली विक्री. आपणहून नोंदणी करता येते पण मग पहिल्या रुपयापासून कर लावायचा आणि विक्री नसली तरी जीएसटीचं रिटर्न भरायचं. कंपोझिशन (लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेतलं तर कर कमी पण तिथंही राज्याबाहेर विकता येत नाही. तेव्हा महाराष्ट्रात किती ऑर्डरी अडतात ते आधी वहीत लिहा, मग ठरवा.

कमिशन घेणाऱ्यांसाठी. कमिशनवरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ वर आला, आणि १ एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला २० हजारांपर्यंत कापतच नाहीत, आधी ही मर्यादा १५ हजार होती. माझ्याकडं एकजण खुशीत आला होता की साईटनं रेट वाढवला. वाढवला नव्हता, कापणं कमी झालं होतं. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के जातात, त्यामुळं "माझे इतके पैसे कुठं गेले" म्हणणाऱ्यानं आधी पॅन बघावा, मग साईटला शिव्या द्याव्यात. जे कापलं ते बुडालेलं नाही. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर आयकराचं रिटर्न भरून परत मिळतं. कपात आपल्या नावावर दिसतेय का ते आयकराच्या साईटवरच्या करकपातीच्या पत्रकात (२६एएस म्हणतात ते) बघा.

माल विकणाऱ्यांचा हिशेब निराळा. पोर्टलनं कापायचा टीडीएस त्याच १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, आधी १ टक्का. घरगुती विक्रेत्यानं पॅन दिला असेल तर ५ लाखांपर्यंत तोही नाही. जीएसटीवाल्यांचा टीसीएस, म्हणजे पोर्टल विक्रीतून जीएसटीपोटी कापतं ते, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का.

शहापूरची वहिनी

सर, माझी नोंदणी सासऱ्यांच्या दुकानाच्या नावावर आहे, नाहीतर तुमचा पहिला परिच्छेद वाचून घामच फुटला असता.

खानापूर_मास्तर

मी मराठी माणसाला कन्नड शिकवतो. बँकेत, तालुका ऑफिसात, दवाखान्यात बोलता यावं इतपत, फार व्याकरण नाही. कोर्स परदेशी साईटवर आहे. हल्ली या कोर्सवाल्यांचं सगळीकडं एकच चाललंय, सुटी विक्री मागं आणि मेंबरशिप पुढं. युडेमी या कोर्सच्या साईटचं जाहीर आहे म्हणून सांगतो. तिथं मेंबरशिपच्या पैशातला शिक्षकांचा वाटा २५ टक्के होता, तो २०२४ ला २०, २०२५ ला साडेसतरा आणि २०२६ ला १५ असा पायरी पायरीनं खाली आणला. सुट्या विक्रीत मात्र शिक्षकाच्या स्वतःच्या लिंकवरून कोर्स गेला तर ९७ टक्के आणि साईटनं आपल्या जोरावर विकला तर ३७. हा फरक बघा केवढा आहे! तोच कोर्स, तोच मास्तर, फक्त गिऱ्हाईक कुणी आणलं एवढाच प्रश्न.

म्हणून माझं गणित असं की साईटच्या दारात उभं राहून गिऱ्हाईकाची वाट बघायची नाही. मी दर आठवड्याला एक छोटा व्हिडिओ फुकट टाकतो, एसटी स्टँडवर कन्नडात काय विचारायचं, वीजबिलावरचे शब्द कसे वाचायचे असलं काहीतरी, आणि खाली माझीच लिंक. विद्यार्थी कुठले म्हणाल तर निम्मे आपल्याच भागातले आणि बाकी पुण्याहून बेंगळुरात गेलेले आयटीवाले.

अमेरिकन साईटवर विकणाऱ्यांनी डब्ल्यू-८बेन फॉर्मवर (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा तिकडच्या कराचा फॉर्म) लक्ष ठेवा. तो भरलेला असला तर रॉयल्टीवर तिकडं १५ टक्के कापतात, नसला तर ३०. आणि तो कायमचा नसतो, सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपतो. रेट न बदलता पैसे कमी आले तर आधी हे बघायचं.

चिकोडीचा_पोरगा

सगळे रडालेत म्हणून मी उलटं सांगतो. माझं कमिशन कमी झालं आणि कमाई वाढली. आधी मी मोबाईल कव्हर, इअरफोन असल्या लिंका टाकायचो, रेट चांगला पण वस्तू दोनशेची, दहा टक्के धरले तरी वीस रुपये. आता शेतीचं सामान दाखवालोय. बॅटरीचा फवारणी पंप, ठिबकचे जोड, उसाच्या पाचटाची कुट्टी करायचं यंत्र. रेट दोन-तीन टक्के, पण वस्तू हजारांत. आणि शेतकरी उगाच परत पाठवत नाही, कारण त्यानं घ्यायच्या आधी मला फोन करून डोकं खाल्लेलं असतंय. पंप मी आमच्या शेतात स्वतः पाठीवर घेऊन चालवून दाखवतो, चालला नाही तर तसंच सांगतो.

व्हिडिओत "या लिंकवर मला कमिशन मिळतं" हे सरळ मराठीत बोलून टाकतो. सरकारचे २०२३ चे नियम आहेत, ज्या भाषेत जाहिरात त्याच भाषेत सांगायचं. बरेचजण खाली बारीक इंग्रजीत हॅशटॅग टाकून मोकळे होत्यात. आमच्याकडं सांगितलं तर उलट म्हणत्यात, असू दे, पोराला चार पैसे मिळू देत.

आणि एक. "पाच हजार भरून जॉईन हो, खाली माणसं जोड, प्रत्येकाच्या खरेदीवर तुला रेफरल" असं म्हणत जे फिरालेत ना, हुक्केरी-संकेश्वरकडं जोरात आहे, ते यात धरू नका. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमात जॉईन व्हायला पैसे घेणंच मना आहे. माल बाजूलाच राहतोय, माणसं तेवढी विकली जात्यात.

टिळकवाडीकर (धागाकर्ती)

इतकं वाचून मला एक विचारायचंय. अथणीचे अण्णा, साईट तुमच्याकडून क्रिएटरच्या नावानं ८ टक्के घेते असं धरलंत, पण इकडं क्रिएटर म्हणतात आम्हाला त्याच्या निम्मंही मिळत नाही. मग मधले कुठं जातात? तुम्ही दोघं थेट का नाही बोलत?

अथणी_चप्पल

बोलालोय की. बेळगावच्या एका पोरीबरोबर सुरू केलंय. तिला एक कोड दिलाय, गिऱ्हाईक मला फोनवर तो कोड सांगतंय, जोडीमागं ७० रुपये तिचे. परत करायची मुदत मी सात दिवस ठेवलीय, ती संपली की त्याच आठवड्यात फोनपे. पेंडिंग-बिंडिंग काय न्हाई.

चिकोडीचा_पोरगा

अण्णा, शेतकऱ्याला पायताण लागतंयच की. मला बी कोड द्या.

अथणी_चप्पल

देतो, मेसेज कर. दोन अटी. व्हिडिओत कोल्हापुरी म्हण, पण अथणीची म्हणायचं. आणि पायाचं माप सेंटिमीटरमध्ये घ्यायला सांगायचं, नुसता सात नंबर, आठ नंबर न्हाई. निम्म्या जोड्या तेवढ्यासाठीच परत येत्यात.