झोपायच्या खोलीतला दिवा : आपल्या घरी काय जमले, काय फसले?

दापोली, धागा सुरू करताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या घराची निम्मी कौले उडाली आणि त्यानंतर कितीतरी दिवस गावात वीज नव्हती. तेवढे दिवस आम्ही सगळे माजघरात एका कंदिलाच्या उजेडात झोपत होतो. वीज आली त्या रात्री भावाने हौसेने ट्यूबलाइट लावली, तर सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले आणि बाबा म्हणाले, "राहू दे रे, कंदीलच बरा होता." उकाडा, डास आणि छपराची काळजी असूनही त्या दिवसांत आपल्याला झोप चांगली लागत होती, असे ते पुढे अनेकदा म्हणाले.

तेव्हापासून मी बल्बच्या खोक्यावरचे आकडे वाचू लागलो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. कंदिलाची ज्योत साधारण १९०० ते २००० केल्विनची, तारेचा जुना पिवळा बल्ब २७०० चा, आणि दुकानात नुसता "एलईडी द्या" म्हटले की हाती पडतो तो पांढरा बल्ब बहुतेक वेळा ६५०० चा. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, हे उलटे गणित डोक्यात बसायला मला वेळ लागला. मग ३००० केल्विनचा ९ वॅटचा वॉर्म व्हाइट बल्ब आणून छताला लावला. रंग पिवळा झाला, पण खोली काही निवांत झाली नाही. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० च्या बल्बाइतका उजेड देतो आणि कंदील तर जमिनीवर ठेवलेला असायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

आपले अनुभव जरूर लिहावेत. खोली कौलारू की स्लॅबची, भिंत चिऱ्याची की गिलाव्याची, दिवा कोठे आणि किती वॅटचा, एवढे तरी सांगावे. फसलेले प्रयोग आधी सांगितल्यास उत्तम.

रत्नागिरी, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट

मग फसलेल्यापासूनच सुरुवात करते. आम्ही पीओपीच्या छतात आठ गोल दिवे बसवून घेतले होते. दारात उभे राहून पाहिले की खोली फार देखणी दिसायची, परंतु झोपायच्या खोलीत माणूस उताणा पडून छताकडेच पाहत असतो, ही साधी गोष्ट ना आमच्या लक्षात आली, ना काम करून देणाऱ्याच्या. दोन वर्षे आम्ही ते दिवे असूनही न लावता काढली.

आता त्यांतले सहा बंद केले आहेत आणि पडद्याच्या पेल्मेटमागे २७०० केल्विनची एलईडी पट्टी लावली आहे. पट्टी स्वतः दिसत नाही. तिचा उजेड पडद्यावर आणि भिंतीवर पडून खोलीत येतो. पलंगावर पडल्यावर एकही दिवा थेट डोळ्यांत येता कामा नये, हा आमच्या घरचा नियम झाला आहे. एक चूक मात्र अजून भोगत आहोत. कपाटाची दारे चकचकीत पांढऱ्या लॅमिनेटची असल्यामुळे लपवलेला दिवा त्यांत पुन्हा दिसतो.

गुहागर, चिऱ्याचे घर

आमच्या खोलीच्या दोन भिंती गिलावा न केलेल्या जांभ्याच्या आहेत. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात तो दगड मातकट आणि बुरसटल्यासारखा दिसतो. पिवळ्या उजेडात तांबडा भाग जास्त असल्यामुळे तोच दगड जिवंत वाटतो. मात्र जांभा उजेड पिऊन टाकतो. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत ५ वॅट पुरतात म्हणून आम्ही तेवढेच लावले, तर खोली उबदार होण्याऐवजी कोंदट वाटू लागली. शेवटी ७ वॅटचा दिवा भिंतीपासून वीतभर अंतरावर, उजेड दगडावरून खाली घसरत येईल असा लावला आणि वाचनासाठी उशाशी वेगळा दिवा घेतला. दगडाचे सगळे खड्डे-उंचवटे त्या तिरप्या उजेडात सुंदर दिसतात. कोळिष्टकेही दिसतात, त्यामुळे झाडू हाताशी ठेवावा लागतो.

देवगड, वायरमन

मी वीस-बावीस वर्षे घरांतली वायरिंगची कामे करतो. वरील अनुभव वाचून मला एवढेच सांगावेसे वाटते की उजेड कमी करण्याचे खूळ डोक्यात आले की लोक डिमर मागतात, आणि काही जण तर पंख्याचा रेग्युलेटरच दिव्याला जोडायला सांगतात. साधा एलईडी बल्ब त्यावर फडफडतो, कधी गुणगुणतो आणि लवकर मरतो. बल्ब डिमेबल असला पाहिजे आणि डिमरही एलईडीसाठीचा असला पाहिजे. हा खर्च नको असेल तर दोन पॉइंट काढावेत, एकावर ९ वॅट आणि दुसऱ्यावर ३ वॅट, आणि दोन्हींची बटणे वेगळी ठेवावीत. मी माझ्या घरी हेच केले आहे.

रात्रभर जळणाऱ्या दिव्याबद्दलही लिहितो. ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणत आलो तो नावाला झिरो होता, प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट खात असे. आता अर्ध्या वॅटचे एलईडी मिळतात. त्यांत निळा किंवा हिरवा घेण्यापेक्षा पिवळा अथवा लाल घ्यावा.

आणि किनाऱ्यावरच्या मंडळींनी होल्डरकडे लक्ष द्यावे. खाऱ्या हवेने आतल्या पितळी पिना हिरव्या पडतात, संपर्क ढिला होतो आणि दिवा लुकलुकतो. दोष मात्र बल्बाला लावला जातो. पावसाळ्याआधी मेन स्विच बंद करून होल्डर उघडून घ्यावा, पिना पुसून घ्याव्यात किंवा सरळ होल्डरच बदलावा. शिवाय हवा न खेळणाऱ्या बंद शेडमध्ये एलईडी कोंडू नये. तापून त्याच्या आतले सर्किट जाते.

वेंगुर्ले

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. आमचे घर सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला आहे. पावसाळ्यात अंथरुणावर पडण्यापूर्वी मी उशी उचलून, चादर झटकून, पलंगाखाली वाकून पाहते, कारण विंचू आणि फुरसे या आमच्याकडे ऐकीव गोष्टी नाहीत. मंद पिवळ्या उजेडात लाल मातीच्या जमिनीवर फुरसे दिसणार कसे? वयाबरोबर डोळ्यांना उजेडही जास्त लागतो. म्हणून माझी पांढरी ट्यूब मी काढू देणार नाही. ती पाच मिनिटे लावते, सगळे पाहून घेते आणि बंद करते. त्यानंतरचा आपला मंद दिवा मला मान्य आहे. देवगडच्या वायरमनदादांनी सांगितलेली दोन बटणांची सोय मला त्यामुळेच पटली, फक्त माझे एक बटण दाराशी आणि दुसरे उशाशी हवे.

अलिबाग, रात्रपाळी करणारी परिचारिका

आजींचे म्हणणे योग्य आहे. फक्त तो पांढरा उजेड थोडाच वेळ असावा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचे काम पाहणे नसून दिवस आहे की रात्र हे शरीराला कळवणे असते. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मग झोपेशी संबंधित मेलाटोनिन कमी तयार होते. याचा अर्थ पिवळा दिवा कितीही प्रखर चालतो असा नाही, कारण पिवळ्या एलईडीतही निळा अंश थोडा असतोच. माझी अडचण उलटी आहे, मला सकाळी आठ वाजता झोपायचे असते. मी गोधडीच्या जाडीचा दुहेरी पडदा लावला आहे आणि घरी आल्यावर अंघोळीपासून झोपेपर्यंत फक्त उशाचा ३ वॅटचा दिवा वापरते. मोबाइल मात्र अजून सुटलेला नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

कुडाळ

आमच्या भागात करवंटीचे आणि बांबूचे दिवे मिळतात. भोके पाडलेल्या करवंटीच्या दिव्याने भिंतीभर ठिपके पडतात. पाहुण्यांना ते फार आवडते, परंतु पंखा चालू असला की टांगलेला दिवा हलतो आणि ठिपकेही फिरू लागतात, त्यामुळे झोपेसाठी तो निरुपयोगी ठरला. विणलेल्या बांबूची शेड घेऊन आतून पातळ सुती कापड लावले, ते जमले. पावसात बांबूला बुरशी येते; उन्हे पडली की शेड उतरवून वाळवावी.

वेळास, पर्यटकांसाठी घरगुती निवास

कासवांची पिल्ले पाहायला येणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो की खोलीतला दिवा बाहेर दिसू देऊ नये. वाळूतून निघालेली पिल्ले समुद्रावरच्या उजेडाकडे जातात आणि कृत्रिम दिव्यांनी त्यांची दिशा चुकते. त्या निमित्ताने आम्ही बाहेरचे दिवे झाकले आणि खोल्यांत कमी उंचीवर पिवळे दिवे लावले. पावसाळी पाखरेही आता खोलीत कमी येतात.

श्रीवर्धन

आईला रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. मोठा दिवा लावला की तिची झोप पुरती मोडते आणि न लावला तर पडायची भीती असते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, हालचालीने लागणारे तीन छोटे पिवळे दिवे बसवले. पाय कोठे पडतो ते दिसते आणि डोळ्यांवर काहीच येत नाही. मांजर फिरले तरी ते लागतात, त्यावर उपाय सापडलेला नाही.

दापोली, पुन्हा

सर्वांचे आभार. आमच्या माजघरात भिंतीला एक कोनाडा आहे, ज्यात पूर्वी रॉकेलची चिमणी ठेवत असत. त्यात २७०० केल्विनचा ३ वॅटचा बल्ब, उघड्या शेडसह, काल बसवून घेतला. ट्यूब काढलेली नाही. तिचे बटण दाराशी आहे. बाबांनी काल दिवा न विझवताच डोळे मिटले. कोनाड्याच्या माथ्यावर चिमणीची जुनी काजळी आहे. ती तशीच ठेवली तर उजेड खाते आणि चुना लावला तर तो जास्त परततो, म्हणून रंगवावे की नाही यावर घरात अजून एकमत झालेले नाही.