साने गुरुजींचे घर आणि माणसे : वाचकांचे अनुभव

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. त्यांच्या आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मुळे त्या महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या. गुरुजींच्या या कुटुंबाशी आपली ओळख कशी झाली, ते लिहिण्याचे आवाहन आम्ही केले होते. त्यांतील काही अनुभव येथे देत आहोत.

निवृत्त शिक्षिका, दापोली तालुका
पालगडच्या स्मारकात मुलांना नेण्यापूर्वी मी वर्गात अळणी भाजीची गोष्ट वाचत असे. भाजीत मीठ नाही हे वडिलांनी आणि मुलांनी जेवताना कळू दिले नाही, आणि आई शेवटी स्वतः जेवायला बसली तेव्हाच तिला ते समजले. खोताचे घराणे कर्जापायी बुडाले, घरावर जप्ती आली, त्या दिवसांतही एकमेकांना जपण्याची ही रीत त्या घरात टिकली. गुरुजींच्या वडिलांकडे आपण वाचक फार थोडे लक्ष देतो, याची मला खंत वाटते.

वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचा नातू, अमळनेर
आजोबा प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते. गुरुजी मुलांच्या खोल्या झाडून ठेवत, कपड्यांच्या घड्या घालत आणि हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढत, असे ते सांगत. घरापासून दूर राहणाऱ्या त्या मुलांना गुरुजींनी आईपण दिले, हे आजोबांचेच शब्द.

वाचक, सोलापूर जिल्हा
आमची आजी माहेरापासून वारकरी, परंतु आमच्या जातीला पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. चोखोबांच्या समाधीला डोके टेकवून तिची माणसे परत फिरत. ‘श्यामची आई’त अस्पृश्य मानलेल्या एका वृद्ध बाईच्या डोक्यावर लाकडाची मोळी चढवून दे आणि मग घरी येऊन स्नान कर, असे आई मुलाला सांगते. शाळेत तो पाठ ऐकताना सगळा वर्ग आईच्या दयेने भारावून गेला होता, मला मात्र ते स्नान बोचले आणि आजही बोचते. तरीही त्या काळातील एका ब्राह्मण बाईने मुलाला त्या मोळीपर्यंत जाऊ दिले, याचे मोल मी कमी मानत नाही. तोच मुलगा मोठेपणी, मे १९४७ मध्ये, विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून पंढरपुरात दहा दिवस उपोषणाला बसला. आजीने त्यानंतर विठोबाच्या पायांवर डोके ठेवले. आमच्या घरात गुरुजींचे नाव निघते ते प्रथम या उपोषणासाठी, पुस्तकासाठी नंतर.

एक आई, ठाणे
गुरुजींनी लग्न केले नाही, पण पुतणी सुधा हिला लिहिलेल्या पत्रांत त्यांच्यातील काका भरभरून भेटतो. पाखरे, फुले, तारे, थोर माणसे, सगळे काही तो तिला सांगत असतो. ही पत्रे मी मुलीला वाचून दाखवली, तेव्हा पुढची का नाहीत, असे तिने विचारले. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले, हे मी तिच्यापासून लपवले नाही. स्वातंत्र्यानंतरचा देश पाहून ते फार दुःखी होते आणि इतके प्रेम देणाऱ्या माणसालाही आधार लागतो, एवढे तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगितले. तिने आणखी बरेच प्रश्न विचारले, आणि जमतील तेवढ्यांची उत्तरे मी दिली.