ॲपलेशियन ट्रेल सलग चालणाऱ्याला घरच्यांनी मागून नेमकी काय मदत करायची?

जुईची_वेल

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ पुण्याहून येतोय. ॲपलेशियन ट्रेल म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची लांब पायवाट. मार्चअखेर जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनवरून निघायचं आणि मेनमधल्या कटाडिनपर्यंत सलग चालायचं, असा बेत आहे. सह्याद्रीत भरपूर फिरलेला आहे, त्यामुळे चालण्याची चिंता नाही. प्रश्न आमचे आहेत. आम्ही एडिसनला (न्यू जर्सी), चुलतभाऊ अटलांटात, एक मैत्रीण उत्तर व्हर्जिनियात. आई-बाबा जून-जुलैत इथे असतील.

१. दर आठवड्याला एक याप्रमाणे पंचवीस खोकी आत्ताच भरून ठेवावीत असं डोक्यात आहे. घरचं वाळवलेलं वरण, चिवडा, लाडू. ठीक आहे ना?
२. भेटायला कुठे जावं? आई-बाबांना फार चढउतार जमणार नाही.
३. फोन लागला नाही तर किती दिवस गप्प बसायचं?

तो टुरिस्ट व्हिसावर येतोय. शाकाहारी आहे, अंडी चालतात.

---

खिंडीतला_वारा

ताई, खोक्यांच्या आधी व्हिसाचं बघा. बी-२ (म्हणजे टुरिस्ट व्हिसा) वर प्रवेश देताना साधारण सहा महिने मिळतात, पण नेमकी तारीख विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती आय-९४ वर (प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर) असते, व्हिसाच्या शिक्क्यावर नाही. उतरल्या दिवशीच ऑनलाइन आय-९४ उघडून तारीख लिहून ठेवा. ट्रेल सुमारे २,१९७ मैलांचा आहे, बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. म्हणजे काठावरचं गणित.

समजा १८ मार्चला उतरला, २२ ला निघाला आणि १० सप्टेंबरला संपवायचं ठरवलं, तर हाताशी १७२ दिवस. आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस धरला तर चालायचे दिवस साधारण १४८, म्हणजे रोज सरासरी पावणेपंधरा मैल. सवयीच्या माणसाला जमतं. पण सुरुवातीच्या तीन आठवड्यांत आठ-दहा मैलांच्या वर जाऊ नये, नाहीतर नडगी आणि गुडघे तिथेच बोलायला लागतात. ती तूट व्हर्जिनियात भरून निघते. म्हणून एडिसनला आधी पंधरा दिवस पाहुणचार नको. थेट अटलांटाला उतरवा, राहायला नंतर येऊ दे.

मुदत पुरणार नाही असं जुलैत दिसलं तर मुदतवाढीचा अर्ज (आय-५३९) तारीख संपायच्या निदान ४५ दिवस आधी, वकिलाला विचारून. आणि प्रवेशाच्या वेळी अधिकाऱ्याला बेत खरा सांगायचा. परतीचं तिकीट आणि पैशांचा पुरावा हाताशी ठेवायचा.

अजून एक, सहसा कोणी सांगत नाही. वाटेतल्या काही हॉस्टेलांत आणि न्यू हॅम्पशरच्या पर्वतातल्या हट्समध्ये दोन तास काम करून जेवण-झोप मिळते. इतरांसाठी मजेचं आहे, पण बी-२ वर कामाच्या बदल्यात काहीही घेऊ नये. पैसे देऊन राहायचं किंवा तंबू.

---

टपालवाला_नाना

पंचवीस खोकी नकोत. पाच-सहा पुरे.

कारणं साधी आहेत. महिन्याभरात भूक दुप्पट होते आणि चव बदलते. मार्चमध्ये आवडीने भरलेलं मे महिन्यात हॉस्टेलच्या 'कोणीही घ्या' डब्यात जातं. वेग बदलतो, मग खोकं शुक्रवारी पोचतं आणि माणूस शनिवारी दुपारी. छोट्या गावांत पोस्ट शनिवारी तास-दोन तास उघडं असतं, रविवारी बंद. सोमवारपर्यंत मोटेलचं भाडं भरत बसा! खोक्यातलं खाणं त्या भाड्याहून स्वस्त असतं.

बहुतेक ठिकाणी तीन ते पाच दिवसांवर दुकान असलेलं गाव मिळतं. जिथे दुकान फारच तोकडं आहे तिथेच पाठवा. माझ्या मते:

फोंटाना डॅम (नॉर्थ कॅरोलायना, सुमारे १६६ वा मैल): स्मोकी पर्वतात शिरण्याआधी, चार दिवसांचं. पुढे ४२ मैलांवर न्यूफाउंड गॅपला रस्ता आहे, तिथून गॅटलिनबर्गला उतरता येतं.
हार्पर्स फेरी (सुमारे १,०२६): गाव सुंदर, किराणा जेमतेम. मैत्रीण जवळ असेल तर खोक्याऐवजी गाडीच पाठवा.
ग्लेनक्लिफ (न्यू हॅम्पशर, सुमारे १,८००): खाणं कमी, थंडीचे कपडे जास्त. पुढचा मूसिलॉक डोंगर वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत) वरचा, तिथून व्हाइट माउंटन्स.
मॉन्सन (मेन): शेवटच्या 'हंड्रेड माइल वाइल्डरनेस'साठी सात-आठ दिवसांचं. दिवसाला ८०० ग्रॅम धरले तर सहा किलोच्या आसपास जातं. तिथली हॉस्टेलं पैसे घेऊन अर्ध्या वाटेवर बादलीत खाणं ठेवून देतात, तेच करावं.

एकदोन खोकी हातची ठेवा, तो फोनवर सांगेल तिथे.

पत्ता असा लिहायचा: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, खाली 'जनरल डिलिव्हरी' (म्हणजे खोकं पोस्टातच ठेवायचं, माणूस येऊन घेईल), गाव, राज्य, झिप. कोपऱ्यात ठळक 'एटी हायकरसाठी ठेवा' आणि पोचण्याची अंदाजे तारीख (हे अर्थातच इंग्रजीत; एटी म्हणजे ॲपलेशियन ट्रेल). सरकारी टपालानेच पाठवा. खासगी कुरिअर जनरल डिलिव्हरीला चालत नाही. हॉस्टेलला पाठवायचं तर उलट दोन्ही चालतात, मात्र आधी फोन करून ते ठेवायचे पैसे घेतात का विचारा. सरकारी टपालाच्याच प्रायॉरिटी मेल सेवेने आलेलं, न उघडलेलं खोकं पोस्टमास्तर पुढच्या गावी फुकट वळवून देतात. तो गाव चुकवून पुढे गेला तर हा रस्ता आहे. घ्यायला पासपोर्ट लागतो, फोटो चालत नाही.

पोचण्याच्या दहा दिवस आधी टाका, त्याहून लवकर नको. खोक्यात गॅसचा डबा आणि लायटर घालायचा नाही. गॅस विमानातूनही नेता येत नाही, तेव्हा पहिला डबा चुलतभावाने अटलांटात घेऊन ठेवावा.

---

भाजणीचं_थालीपीठ

नानांशी संख्येबद्दल थोडी असहमती. शाकाहारी माणसाला छोट्या गावातल्या पेट्रोलपंपावर नूडल्स, चीज, शेंगदाण्याचं बटर आणि टॉर्टिया एवढंच मिळतं. आठवड्यात कंटाळा येतो. पूर्ण खोकं नको, पण दीड-दोन किलोचं 'चवीचं पाकीट' दर तीन आठवड्यांनी पाठवा आणि पोट भरायचं ते गावातून घेऊ दे.

आता त्यात काय. चिवडा आणि कुरमुरे आधी बाद करा. वजनाला हलके, पण जागा खातात. अस्वलापासून जपायच्या साडेअकरा लिटरच्या डब्यात चिवडा भरणं म्हणजे हवा वाहून नेणं. तो डबा रिकामाच सव्वा किलोच्या आसपास असतो, म्हणून जागा मोजून वापरायची. (जॉर्जियात जॅरार्ड गॅप ते नील गॅपच्या मध्ये १ मार्च ते १ जून मुक्काम करायचा तर असा डबा सक्तीचा आहे. इतरत्र शिफारस आहे, आणि ती ऐकावी.)

हिशेब असा ठेवा: १०० ग्रॅममागे निदान ४५० कॅलरी. शेंगदाणे ५७० च्या आसपास, तूप ९०० च्या जवळ, पोहे ३५०, सातू ४०० च्या जरा खाली. म्हणजे पोहे-सातू एकटे पुरत नाहीत, त्यांना तूप-दाण्यांची जोड हवी.

वरण: मूग किंवा तूर मऊ शिजवून घोटायची, मीठ-हळद-हिंग घालायचं, फोडणी नाही. तेल वाळत नाही, दोन महिन्यांत खवट होतं आणि अख्खं पाकीट वाया जातं. पातळ थर पसरून ५७ अंश सेल्सिअसला आठ-दहा तास, बोटाने मोडल्यावर कडकन तुटेपर्यंत. मधे लवचीक राहिलं तर बुरशी धरणार. मिक्सरमधून काढून भुकटी केली की उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत वरण. तूप वेगळं, आट्यांच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत, ती पुन्हा झिपच्या पिशवीत. जूनपासून ते पातळच राहणार आणि गळणार, हे गृहीत धरा.

पातळ पोहे गार पाण्यातसुद्धा पाच मिनिटांत भिजतात. दाण्याचं कूट, मेतकूट, मीठ, पिठीसाखर आधीच कालवून पाकिटं करा. स्टोव्ह न पेटवता नाश्ता होतो. चिक्की एकेक तुकडा कागदात गुंडाळून, नाहीतर दमट हवेत सगळ्याची एक वीट होते. बेसनाचे लाडू मेपर्यंत ठीक, पुढे उन्हात पीठ-तूप वेगळं होतं. हे सगळं तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत मिळतं, पुण्याहून पिशव्या भरून आणायला सांगू नका.

---

जुईची_वेल

बापरे, बरं झालं विचारलं! चिवडा रद्द. मग बुटांचे पाच जोड आत्ता सेलमध्ये घेऊन ठेवले तर? आणि भेटीचं कोणीतरी सांगा.

---

वाटाड्या_आबा

बूट एकच जोड जास्तीचा. हलके ट्रेल रनर ३०० ते ५०० मैल टिकतात, म्हणजे चार-पाच जोड लागतीलच, पण पाय सुजून अर्धा ते एक नंबर वाढतो आणि तो सगळ्यांचा सारखा वाढत नाही. दुसरा जोड घेताना त्याने दुकानात पाय मोजून तुम्हाला नंबर कळवायचा, मग पुढचे घ्या. पेनसिल्व्हेनियाचा उत्तरेकडचा भाग धारदार दगडांचा, तिथे जुनेच झिजू द्या. नवा जोड डेलावेअर वॉटर गॅपला, म्हणजे तुमच्या अगदी हाताशी. साधारण जुलैचा पहिला पंधरवडा.

न्यू जर्सीतले सुमारे ७२ मैल तुमच्या वाट्याचे. इथे त्याचं ओझं तुम्ही गाडीत घ्या आणि तो दिवसभराची छोटी पिशवी घेऊन चालू दे. कल्व्हर्स गॅप (रूट २०६) ते हाय पॉइंट (रूट २३) हा चौदा मैलांचा टप्पा त्यासाठी उत्तम, दोन्हीकडे गाडी लावायला जागा आहे. बिघडतं ते एकाच ठिकाणी: 'रस्त्यावर भेटू'. रस्ता ओलांडण्याची जागा, पार्किंगचं नाव, रस्त्याची कुठली बाजू आणि चुकामूक झाली तर दुसरी वेळ, हे आदल्या रात्री लिहून पाठवा, कारण खिंडीत फोन लागेलच असं नाही. छोट्या पिशवीतही रेनकोट, एक उबदार थर, हेडलॅम्प, पाण्याचा फिल्टर, जास्तीचं खाणं, पासपोर्ट आणि फोन हवाच. तंबू तुमच्या गाडीत आहे आणि तुमची गाडी बंद पडलीय, असं धरून भरायची ती पिशवी. दुसऱ्या दिवशी त्याला नेमकं जिथून उचललं तिथेच सोडा. शंभर पावलं पुढे सोडलं तरी हे लोक परत मागे जाऊन येतात.

घरचे खूप आले की वेळ जातो, हेही लक्षात असू द्या. वरच्या गणितात आठवड्याला एकच सुट्टी आहे. एडिसनला दोन रात्री, बस.

आई-बाबांसाठी व्हर्जिनियातलं शेनानडोआ राष्ट्रीय उद्यान, जूनच्या पूर्वार्धात. स्कायलाइन ड्राइव्ह हा १०५ मैलांचा रस्ता ट्रेलला पुन्हापुन्हा छेदतो, स्कायलँड आणि बिग मेडोजला राहण्या-जेवण्याची सोय आहे. बाबा मैलभर त्याच्याबरोबर चालून पुढच्या वळणावर गाडीत बसू शकतात. उत्तर व्हर्जिनियातली मैत्रीणही इथेच उपयोगी. पुढे ऑगस्टमध्ये कोणी असेल तर माउंट वॉशिंग्टन (६,२८८ फूट), वरपर्यंत गाडीरस्ता आहे. पण तिथे ऑगस्टमध्येही बोचरं वारं असतं, स्वेटर न्या.

चुलतभावाला दोन कामं: सुरुवातीला स्प्रिंगरजवळच्या अमिकलोला फॉल्सला सोडणं, आणि आठवड्याच्या आत नील गॅपहून (३१ वा मैल) येणाऱ्या फोनची वाट बघणं. तिथे दुकानात पाठपिशवी उघडली की दोन-तीन किलो नको असलेलं निघतंच. ते चुलतभावाने घरी न्यायचं. थंडीचे कपडे मात्र घाईने काढू देऊ नका; स्मोकीत एप्रिलमध्येही बर्फ पडतो. पीअरिसबर्ग (व्हर्जिनिया) गाठेपर्यंत मे उजाडतो, तिथून तुमच्याकडे पाठवायचे आणि तुम्ही तेच ग्लेनक्लिफला.

---

खिंडीतला_वारा

स्मोकी राष्ट्रीय उद्यानाचा परवाना राहिला. माणशी ४० डॉलर, जास्तीत जास्त ३० दिवस आधी ऑनलाइन काढता येतो, आठ दिवसांत उद्यान पार करायचं. कागदावर छापलेली प्रत लागते. तो त्याआधीच्या हायवॅसी किंवा फ्रँकलिन गावी असताना तारीख विचारून तुम्ही काढा आणि फोंटानाच्या खोक्यासाठी छापा.

फोनचं: 'रोज फोन कर' हा नियम नको. बॅटरी संपते आणि एक दिवस चुकला की घरी रडारड. उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र असेल तर रोज रात्री ठरलेला एक संदेश. पण त्याचीही एखादी रात्र झाडीमुळे चुकते. म्हणून गावातून निघताना त्याने तीन गोष्टी कळवायच्या: कुठून निघाला, पुढचं गाव कुठलं, कधी पोचणार. पोचायच्या तारखेनंतर २४ तास थांबायचं, मग पुढच्या गावच्या हॉस्टेलला फोन, ४८ तासांनी त्या भागातल्या शेरीफच्या कार्यालयाला किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरना. यंत्रावरून एसओएस आला तर अर्थातच थांबायचं नाही.

त्यासाठी एक माहिती तुमच्याकडे हवीच: त्याचं ट्रेलवरचं नाव. पहिल्या आठवड्यात कोणीतरी टोपणनाव ठेवतं आणि पुढे सहा महिने खरं नाव कोणाला माहीत नसतं. निवाऱ्यांतल्या वह्यांत तो तेच लिहिणार. तेव्हा टोपणनाव, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, पाठपिशवीसकट एक फोटो, पासपोर्टची प्रत, विम्याचा नंबर, सगळं एका फाइलीत ठेवा. पाहुण्यांचा विमा घेताना हायकिंग वगळलेलं नाही ना, ते वाचून घ्या.

---

भाजणीचं_थालीपीठ

गोचीड! व्हर्जिनियापासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत लाइम रोगाचा मुलूख आहे. ०.५ टक्के पर्मेथ्रिनचा फवारा कपड्यांवर आणि बुटांवर मारायचा, अंगावर नाही. सुमारे सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतो, म्हणजे निघताना एकदा मारून भागत नाही. हार्पर्स फेरीला मैत्रिणीकडे आणि तुमच्या घरी परत मारा. अंगणात मारून पूर्ण सुकवा. मांजर असेल तर ओल्या कपड्यांजवळ फिरकू देऊ नका, त्यांना विषारी आहे. घरी आला की गुडघ्यामागे, कमरेला, केसांत तपासायला सांगा. चिकटलेला सापडला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, तूप-तेल लावायचं नाही. काढल्यापासून ७२ तासांच्या आत अर्जंट केअरला दाखवावं, डॉक्टर गरजेप्रमाणे डॉक्सीसायक्लिन देतात. पुढच्या महिन्याभरात ताप, अंगदुखी किंवा चट्टा दिसला तर चालणं थांबवून परत.

---

वाटाड्या_आबा

शेवटच्या दिवशी कटाडिनला जायचं ठरवलंत तर: एडिसनहून तिथलं जवळचं गाव मिलिनॉकेट नऊ-दहा तास. बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये कटाडिनच्या पायथ्याला दिवसाचं पार्किंग आरक्षित करावं लागतं. मेनबाहेरच्यांना ते दोन आठवडे आधी खुलं होतं, आणि सकाळी सातच्या आत फाटकावर पोचला नाहीत तर आरक्षण जातं. भावाचा परवाना वेगळा आणि फुकट असतो, तो त्याने स्वतः घ्यायचा. वर जाणारी वाट, हंट ट्रेल, जाऊन-येऊन साडेदहा मैलांच्या आसपास, चार हजार फुटांहून जास्त चढ, मधे हातांनी धरून चढायचे कातळ. त्याच्यासाठी हा नेहमीचा दिवस, तुमच्यासाठी दहा-बारा तास. सहा वर्षांखालच्या मुलांना वृक्षरेषेच्या वर परवानगी नाही, कुत्रा पार्कातच नाही. सगळ्यांनी चढायचा हट्ट नको. निम्मे लोक पायथ्याच्या कटाडिन स्ट्रीम तळावर जेवण घेऊन थांबू देत. आणि परतीच्या विमानाचं तिकीट बदलता येण्याजोगं काढा, कारण वर हवा बिघडली की रेंजर तो दिवस बंद ठेवतात.