सेप्तांत की स्वासाँत-दीस? नेमकी कोणती फ्रेंच शिकावी?

प्रश्न : मागावरची (सोलापूर)

नमस्कार. टेरी टॉवेल आणि चादरी निर्यात करणाऱ्या सोलापुरातील एका कारखान्याच्या कार्यालयात मी परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करण्याचे काम करते. पदवीनंतर पुण्यात राहून मी दोन वर्षे फ्रेंच शिकले, बी-१ ची (मध्यम पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि पॅरिसच्या वाहिन्यांवरील बातम्या मला बऱ्यापैकी समजू लागल्या, म्हणून फ्रेंच बोलणाऱ्या ग्राहकांशी फोनवर बोलण्याची जबाबदारी मी आपणहून मागून घेतली.

गेल्या महिन्यात बेल्जियममधील लिएज शहराच्या ग्राहकाने खोक्यांची संख्या सांगताना 'नोनांत-सीस' असे म्हटले. हा शब्द मी कधीच ऐकलेला नव्हता. त्यातले 'सीस', म्हणजे सहा, एवढेच मला कळले आणि मी टिपणात सहा खोकी लिहिली. नंतर आलेल्या ईमेलमध्ये ९६ हा आकडा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेच गृहस्थ टॉवेलला सारखे 'एस्युई' म्हणत होते. वर्गात मी 'सर्व्हिएत' शिकले होते. पुढच्या आठवड्यात मॉन्ट्रियलच्या एका बाईंनी 'दिने' झाल्यावर फोन करते असे कळवले. 'दिने' म्हणजे रात्रीचे जेवण हे डोक्यात पक्के असल्यामुळे, त्यांची रात्र ती आपली पहाट असा हिशोब करून मी पहाटे पाचला उठून बसले. त्यांचा फोन मात्र आदल्या रात्री साडेअकरालाच येऊन गेला होता. आता आयव्हरी कोस्टमधील आबिजानहून चौकशी आली आहे आणि मला खरोखर धास्ती वाटते.

मी शिकले ती शुद्ध फ्रेंच आणि बाकीच्या तिच्या बिघडलेल्या बोली, असे समजायचे का? की प्रत्येक देशाची फ्रेंच निराळी शिकावी लागते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : जुनी वही (सोलापूर)

ताई, मी ३२ वर्षे फ्रेंच शिकवली आणि आता निवृत्त होऊन सोलापुरात स्थायिक झालो आहे. आपला गोंधळ ही आपली चूक नाही. आपल्याकडील बहुतेक पाठ्यपुस्तके पॅरिस हेच जग मानून लिहिलेली असतात आणि आम्ही शिक्षकही वर्षानुवर्षे तेच शिकवत आलो, याची मला खंत आहे.

आधी आकड्यांविषयी, कारण व्यापारात नुकसान तिथेच होते. फ्रान्समध्ये सत्तरला 'स्वासाँत-दीस' म्हणजे साठ-दहा, ऐंशीला 'कात्र-वँ' म्हणजे चार-वीस आणि नव्वदला 'कात्र-वँ-दीस' म्हणजे चार-वीस-दहा म्हणतात. विसाच्या पटीत मोजण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या खेड्यांतील जुनी माणसे 'तीन विसा', 'चार विसा' असेच मोजत असत. मध्ययुगीन फ्रान्समध्ये ही पद्धत इतकी रुळलेली होती, की नवव्या लुई राजाने तेराव्या शतकात पॅरिसमध्ये तीनशे अंधांसाठी जो आश्रम स्थापन केला, त्याचे नाव 'कँझ-वँ', म्हणजे 'पंधरा विसा', असे पडले आणि तेथील नेत्ररुग्णालय आजही त्याच नावाने चालते. दहाच्या पटीतले 'सेप्तांत' (सत्तर) आणि 'नोनांत' (नव्वद) हे शब्दही तितकेच जुने, लॅटिनमधून सरळ आलेले आहेत. पुढे पॅरिसने विसाचे रूप प्रमाण मानले आणि बेल्जियम व स्वित्झर्लंड यांनी दहाचे रूप राखले. तेव्हा 'नोनांत' हे फ्रेंचचे बिघडलेले रूप मुळीच नाही. बेल्जियमच्या राजवटीखाली राहिलेल्या काँगो, रवांडा आणि बुरुंडी या देशांतही 'सेप्तांत' आणि 'नोनांत' ऐकू येते. ऐंशीच्या बाबतीत मात्र बेल्जियन लोक पॅरिसप्रमाणेच 'कात्र-वँ' म्हणतात. 'उईतांत' हा शब्द स्वित्झर्लंडच्या व्हो, व्हाले आणि फ्रिबूर या कँटनांमध्ये (प्रांतांमध्ये) चालतो, जिनिव्हात चालत नाही.

आता आपल्या मालाविषयी. टॉवेल फ्रान्समध्ये 'सर्व्हिएत', बेल्जियममध्ये 'एस्युई' (पुसणे या क्रियापदावरून), आणि स्वित्झर्लंडमध्ये 'लँज'. फ्रान्समध्ये 'लँज' म्हणजे घरातले एकूण धुण्याचे कापड, त्यामुळे स्विस मागणीपत्रातील 'लँज द बँ' वाचून चादरी समजू नयेत, ते अंघोळीचे टॉवेल असतात. 'तोर्शों' हा शब्द तर विशेष जपावा. पॅरिसमध्ये त्याने भांडी पुसतात, बेल्जियममध्ये फरशी. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या जाडीचे, वेगळ्या किमतीचे कापड जाऊ शकते.

बेल्जियन ग्राहकांच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट. फ्रान्समध्ये 'साव्ह्वार' हे क्रियापद एखादी गोष्ट शिकून अवगत असण्यासाठी आणि 'पुव्ह्वार' हे शक्य असण्यासाठी वापरतात. बेल्जियममध्ये मात्र शक्य नसले तरी 'साव्ह्वार'च पुष्कळदा येते. 'मंगळवारी मला येता येणार नाही' हे ते अशा शब्दांत सांगतात, की पॅरिसच्या माणसाला 'यायचे कसे ते मला ठाऊक नाही' असे ऐकू यावे. मराठी माणसाला हे सहज कळायला हवे, कारण 'मला पोहता येते' आणि 'मला उद्या येता येणार नाही' या दोन्ही वाक्यांत आपण एकाच 'येणे'वर काम भागवतो.

उत्तर २ : भुईकोट (मॉन्ट्रियल, मूळ गाव सोलापूर)

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शाळेच्या वाटेवर कानडी आणि उर्दू. गेली ११ वर्षे मॉन्ट्रियलमध्ये आहे, म्हणून 'दिने'चा उलगडा मी करतो.

मॉन्ट्रियल कॅनडाच्या ज्या फ्रेंच भाषिक प्रांतात आहे, त्या क्वेबेकमध्ये सकाळची न्याहारी म्हणजे 'देज्योने', दुपारचे जेवण 'दिने' आणि रात्रीचे 'सुपे'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्येही सर्वसाधारणपणे हाच क्रम आहे. पॅरिसमध्ये श्रीमंतांच्या जेवणाच्या वेळा हळूहळू पुढे सरकल्या आणि त्यांच्याबरोबर शब्दही सरकले; दुपारचे 'दिने' रात्रीवर गेले, सकाळचे 'देज्योने' दुपारवर आले आणि सकाळसाठी 'पती देज्योने', म्हणजे छोटे देज्योने, असा नवा शब्द करावा लागला. त्यामुळे मॉन्ट्रियलच्या बाईंचा शब्द हाच मुळातला जुना शब्द आहे. वेळ ठरवताना जेवणाचे नाव न घेता तास विचारावा.

इथली फ्रेंच अशी का, हे इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. क्वेबेक शहर १६०८ मध्ये वसले. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने आपल्या खर्चाने सुमारे ८०० तरुणी इथे संसार थाटण्यासाठी पाठवल्या आणि वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या लोकांची भाषा इथे लवकरच एक झाली. १७६३ च्या पॅरिस तहाने हा प्रदेश ब्रिटिशांकडे गेला आणि फ्रान्सशी असलेला नित्याचा संबंध तुटला. पुढे राज्यक्रांतीनंतर पॅरिसचा उच्चार बदलला, तो इथवर तसा पोहोचला नाही. 'म्वा' (मी) या शब्दाचा इथे अजून ऐकू येणारा 'म्वे' हा उच्चार क्रांतीपूर्वी पॅरिसच्या दरबारातही होत असे. आज त्याला गावंढळ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

उच्चारात आपल्याला एक मोठी सोय आहे. क्वेबेकचे लोक 'त्यु' (तू) या शब्दातला त आपल्या 'चाक'मधल्या च सारखा आणि 'दीर' (सांगणे) मधला द 'जहाज'मधल्या ज सारखा उच्चारतात. हे दोन्ही दंत्य वर्ण मराठीत आयते आहेत. मी इथे आलो तेव्हा वर्गातील इतर परदेशी विद्यार्थ्यांना जे महिनोनमहिने ऐकू येत नव्हते, ते मला पहिल्या आठवड्यात ऐकू आले. मग 'त्यु' हा शब्द होय-नाही प्रकारच्या प्रश्नाची खूण म्हणूनही येतो, 'से-त्यु ल्वँ?' म्हणजे 'लांब आहे का?', इथे 'तू'चा काही संबंध नाही. आणि आभार मानल्यावर समोरून 'बियँव्हन्यु' आले, तर ते स्वागत नसून 'त्यात काय एवढे' असा त्याचा अर्थ असतो.

मालाचे शब्दही टिपून ठेवावेत. तोंड पुसण्याचा छोटा चौकोनी टॉवेल म्हणजे 'देबार्बुयेत', जाड रजई म्हणजे 'दुयेत', भांडी पुसण्याचे फडके म्हणजे 'लँज आ व्हेसेल'. फ्रान्समधल्या 'कुव्हर्त्यूर'ला, म्हणजे ब्लँकेटला, बोलताना 'कुव्हेर्त' म्हणतात.

इंग्रजी शब्दांविषयी इथले लोक फ्रान्सपेक्षा जास्त जागरूक आहेत, आणि चहूबाजूंनी इंग्रजी असलेल्या समाजाला तसे असावेच लागते. १९७७ च्या भाषा सनदेने कामकाज, पाट्या आणि शिक्षण यांत फ्रेंचला अग्रस्थान दिले. फ्रान्समध्ये रस्त्यावरील थांबण्याच्या पाटीवर 'स्टॉप' असे लिहिलेले असते, इथे 'आरे'. फ्रान्समध्ये 'विकेंड', इथे 'फँ द समेन'. ईमेलसाठी इथे 'कुरियेल' हा शब्द तयार झाला आणि २००३ मध्ये फ्रान्सच्या सरकारनेही तो अधिकृत म्हणून स्वीकारला. ज्यांची भाषा बिघडलेली म्हणून हिणवली गेली, त्यांचा शब्द पॅरिसने घेतला, याचे मला आजही समाधान वाटते.

ताई, बिघडलेली भाषा म्हणजे काय, हे आपण सोलापूरकरांनी तरी विचारू नये असे मला मनापासून वाटते. 'काय करतो आहेस?' याला आपण 'काय करलालास?' म्हणतो आणि पुण्यात गेल्यावर ते लपवायला शिकतो. अकादियन लोक, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे जुने फ्रेंच भाषिक, ज्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून त्यांच्या गावांतून हुसकून लावले, त्यांच्या आणि अमेरिकेतील लुइझियानात गेलेल्या त्यांच्या वंशजांच्या बोलण्यात 'मी जेवतो आहे' हे 'मी जेवणाच्या मागे आहे' अशा रचनेने सांगतात. चालू क्रियेसाठी त्यांनी आपले स्वतंत्र रूप जपले आहे. मला ते पहिल्यांदा ऐकताना 'जेवलालोय' आठवले आणि गळा दाटून आला.

उत्तर ३ : सात रस्ता (सोलापूर)

मी वीजवाहिन्यांच्या कामानिमित्त आबिजानमध्ये चार वर्षे राहून आलो. वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु आफ्रिकेविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. फ्रेंच भाषिक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये जगभरातील फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या ३२.१ कोटी सांगितली, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत आहेत.

आयव्हरी कोस्टमध्ये साठच्या आसपास भाषा आहेत. आबिजानमध्ये देशाच्या सर्व भागांतून माणसे कामाला आली आणि त्यांची आपापसातली भाषा फ्रेंच झाली. ज्याप्रमाणे सोलापूरच्या गिरण्यांत आणि मागांवर तेलुगू, कानडी आणि उर्दू घरांतली माणसे मराठीत एकमेकांशी बोलू लागली आणि त्या मराठीला तिन्ही भाषांचा रंग चढला, त्याचप्रमाणे हे घडले. शिवाय तरुणांची 'नुशी' नावाची बोली आहे, ती फ्रेंच, ज्युला व बावले या तिथल्या भाषा आणि इंग्रजी यांतून शब्द घेते. व्यापारी आपल्याशी ती बोलणार नाहीत, ते चांगली पुस्तकी फ्रेंच बोलतील. तरीही काही शब्द कानी पडतीलच. 'माकी' म्हणजे उघड्यावरची खाणावळ. वडीलधाऱ्या स्त्रीला 'तांती' आणि पुरुषाला 'तोंतों', म्हणजे आपली मावशी आणि काका, असे परक्यालाही म्हणतात. 'व्हियू पेर', अक्षरशः म्हातारे बाबा, हे आदराचे संबोधन आहे. पॅरिसमध्ये वयाचा असा उल्लेख केला तर माणूस दुखावेल. यंत्र बंद पडले की ते 'गाते' झाले म्हणतात. फ्रान्समध्ये हा शब्द नासलेल्या फळाला किंवा लाडावलेल्या मुलाला लावतात, यंत्राला नाही. आपले 'बिघडणे' मात्र मुलाला आणि गाडीला दोघांनाही चालते, म्हणून मला तो लगेच पटला.

आपल्या धंद्यासाठी सर्वांत महत्त्वाचा शब्द 'पान्य'. कमरेला गुंडाळायच्या छापील सुती कापडाला तो म्हणतात, आणि तोच कापड मोजण्याचे मापही आहे. कुणी 'सहा पान्य' म्हटले, तर सहा नग समजून किंमत सांगू नये. एक पान्य किती लांबीचा धरायचा, हे मीटरमध्ये लिहून मागावे. आकडे तिथे पॅरिसप्रमाणेच आहेत. आणि एक सांगतो, फोनवर थेट कामाचे बोलू नये. घरचे कसे आहेत, प्रकृती कशी आहे, हे आधी विचारावे लागते, आणि मला त्यात आपलेपणा वाटला.

मागावरची : आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आजच ग्राहकांच्या वहीत देशानुसार शब्दांसाठी एक रकाना आखला. लिएजच्या गृहस्थांना पत्रात 'एस्युई' हाच शब्द लिहिला, तर त्यांनी आनंद व्यक्त करणारे उत्तर पाठवले. एकच शंका उरली आहे. मॉरिशसच्या एका हॉटेलकडून चौकशी येण्याची शक्यता आहे. तिथली क्रिओल ही फ्रेंचचीच बोली समजावी का?

जुनी वही : नाही, ताई. क्रिओल ही स्वतंत्र भाषा आहे. तिचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आले असले, तरी व्याकरण निराळे आहे. क्रियापद मी, तू, तो अशा पुरुषाप्रमाणे बदलत नाही, काळ दाखवण्यासाठी त्याच्या आधी छोटे शब्द जोडतात. ब्रिटिशांनी १८१० मध्ये मॉरिशस जिंकले, पण तेथील रहिवाशांची भाषा आणि चालीरीती राखण्याचे वचन दिले, म्हणून इंग्रजी राजवटीतही फ्रेंच टिकली. कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज घरात बहुधा क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतात आणि सरकारी कागद इंग्रजीत भरतात. हॉटेलचा पत्रव्यवहार फ्रेंच किंवा इंग्रजीत होईल. टॉवेलला 'सर्व्हिएत' लिहावे, आणि सत्तरला 'स्वासाँत-दीस'.