मदत हवी आहे: १५ वर्षांचा गोलकीपर, मोठ्या अकादमीत बाकावर की छोट्या क्लबात मैदानावर?

मुक्ता_ज
भाचा १५ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये गोलकीपर. उंची १७४ सेंमी, अजून वाढतोय. व्यावसायिक गोलकीपर व्हायचं हे त्याचं पक्कं आहे. पुढच्या हंगामासाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक नावाजलेली अकादमी, पण त्याच्या वयोगटात तिथे आधीच तीन गोलकीपर आहेत. दुसरा क्लब खालच्या स्तरावरचा. तिथे सामने मिळतील, मात्र गोलकीपिंग कोच आठवड्यातून एकदाच येतो. घरात सगळ्यांचा कल मोठ्या नावाकडे आहे. पुढचा रस्ता कसा असतो, आणि निवड करण्याआधी काय विचारायचं?

लांबचा_खांब
मुक्ताताई, मैदानावर अकरा जागा, त्यात गोलकीपरची एक. विंगरला (कडेने हल्ला करणारा खेळाडू) शेवटची वीस मिनिटं उतरवून पाहता येतं. गोलकीपर मात्र दुखापत किंवा लाल कार्डाशिवाय सहसा बदलत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा उत्तम सराव करूनही अख्खा हंगाम कोरडा राहू शकतो. हात सरावात तयार होतात, निर्णय सामन्यातच. क्रॉसवर (कडेकडून गोलसमोर टाकलेला चेंडू) बाहेर पडायचं की रेषेवर थांबायचं, पुढे धावून आलेल्याच्या पायाशी कधी झेपावायचं, हे चुकून गोल खाल्ल्याशिवाय अंगी मुरत नाही.

अकादमीला विचारा: त्या तिघांपैकी याच्याच जन्मवर्षाचे किती? सामने वाटून देता की पहिला क्रमांक ठरलेला? गोलकीपिंग कोच पूर्णवेळ आहे का, आणि त्याच्याकडे एका वेळी किती मुलं असतात? तीन-चार ठीक, आठ म्हणजे नुसती रांग. गेल्या काही वर्षांत इथला कोणी गोलकीपर वरच्या संघापर्यंत पोचला का? हंगामात निम्मे सामने मिळणार असतील तर अकादमी घ्या. "बघू, मेहनतीवर आहे" असं मोघम उत्तर आलं तर छोटा क्लब, आणि आठवड्यात आणखी एक गोलकीपिंग सत्र बाहेरून लावा. या वयात हंगामाला २० ते २५ सामने व्हायला हवेत, असं माझं ठाम मत.

रस्ता साधारण असा: १८ पर्यंत युवा संघ, मग राखीव संघ किंवा खालच्या लीगमध्ये लोन (काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळणं), आणि तिशीच्या आसपास खरा बहर. इटलीचा गोलकीपर दोन्नारुम्मा २०१५ मध्ये १६ व्या वर्षी मिलानच्या गोलमध्ये उभा राहिला, पण त्याच्यावरून वेळापत्रक आखू नका. अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्तिनेझ बघा. २०१० मध्ये आर्सेनलला गेला, मग एकामागून एक लोन. आर्सेनलमध्ये सलग संधी मिळाली ती २०२० मध्ये, पहिला गोलकीपर जखमी झाल्यावर. २०२२ च्या विश्वचषकात सर्वोत्तम गोलकीपर तोच ठरला.

सहा_यार्ड
वरच्याशी सहमत. उंचीबद्दल लिहितो, कारण घरचे तिथेच अडकतात. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, त्यामुळे वरच्या स्तरावर उंची बघतातच. पण १५ व्या वर्षीचा आकडा निकाल नव्हे. दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा.

आत्ता पाहायचे ते पाय. मोबाइलवर त्याच्या सामन्याचं चित्रण करा आणि समोरच्याचा बूट चेंडूला लागतो त्या क्षणी थांबवा. दोन्ही पाय जमिनीवर, खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, हात कमरेच्या वर आणि शरीरापुढे दिसायला हवेत. बहुतेक मुलं नेमकी त्या क्षणी उडी घेत हवेत असतात. जमिनीला पाय टेकेपर्यंत रेटा देता येत नाही, आणि मग खांबाजवळचा चेंडू बोटभर अंतराने हुकतो. लोक म्हणतात हात कमी पडले, चूक असते पायांची.

दुसरी चूक मागे पडत डाइव्ह मारणं. चेंडूच्या बाजूचं पाऊल तिरकं पुढे पडलं पाहिजे. खाली येताना आधी पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, कंबर, खांदा. कोपर आधी टेकलं की चेंडू सुटतो आणि खांद्याला हिसका बसतो. एका दमात पाच-सहा डाइव्ह, मग ४५ सेकंद विश्रांती. दमवून वीस मारून घेतले की शेवटचे दहा चुकीचेच घोटले जातात.

मुक्ता_ज
खूप उपयोगी, धन्यवाद. तो रोज डाइव्ह मारतो. हल्ली गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, तिथे टेंगूळही जाणवतं. काळजीचं आहे का?

सहा_यार्ड
झपाट्याने उंची वाढताना हे खूप मुलांना होतं. मांडीचा स्नायू नडगीच्या कोवळ्या हाडावर ताण देतो. तरी क्रीडा-वैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवाच. तोवर उड्या आणि डाइव्ह कमी करा, आठवड्यात दोन दिवस पुरे. बाकी दिवशी गुडघ्यावर भार न देता, बसून झेल आणि भिंतीवर पासिंग. लंगडत खेळू देऊ नका.

पायाने_खेळा
पासिंगचा विषय निघालाच आहे. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घेता येत नाही. २०१९ पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला देता येते, त्यामुळे विरोधी संघ गोलकीपरच्या अंगावर येऊन दाबतो. आणि २०२५ पासून चेंडू ८ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला की समोरच्याला कॉर्नर. ट्रायलमध्ये कमजोर पाय पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. रोज १०० पास, त्यातले ६० कमजोर पायाने, पहिला स्पर्श बाजूला काढून. चेंडू येण्याआधी एकदा मान वळवून दोन्हीकडे बघायची सवय आत्ताच लावा.

लोनचा_अनुभव
करारापर्यंत गोष्ट गेली तर: फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा होत नाही. एजंट परवानाधारक आहे का ते तपासा, आणि मुलाची एकट्याची सही कशावरही नको. पुढे लोनची वेळ आली की क्लबच्या नावाआधी तिथल्या सध्याच्या गोलकीपरचा करार आणि फॉर्म बघा. तो पक्का असेल तर तुमचा मुलगा फक्त बाक बदलतो.

मुक्ता_ज
शेवटचं. अकादमीने व्हिडिओ मागितलाय. त्यात काय घालू?

लांबचा_खांब
चार-पाच मिनिटं पुरेत, संगीत नको. पहिल्या मिनिटात क्रॉस आणि पायाने केलेले पास, नंतर बचाव. प्रत्येक तुकडा शॉटच्या आठ-दहा सेकंद आधीपासून सुरू करा, म्हणजे तो जागा कशी घेतो ते दिसेल. गोलमागून उंचावर कॅमेरा असेल तर उत्तम. सोबत एक अख्खा सामना जोडा, तोही गोल खाल्लेला. गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत तो बचावफळीशी कसा बोलतो, हे कोच मुद्दाम बघतात.