कथेत भांडण भरपूर आहे तरी वाचणारा मधेच सोडून देतोय, चुकतंय कुठे?

अर्धवट_लेखक

मंडळी जरा मदत हवीये. साडेतीन हजार शब्दांची एक कथा लिहून झालीये, वडील गेल्यावर भाऊ-बहीण घर विकायचं की ठेवायचं यावरून भांडतात, विषय एवढाच. चौघांना वाचायला दिली. दोघांनी "मस्त जमलीये" म्हणून विषय संपवला (म्हणजे वाचलेली नाही, कळतं हो आपल्याला), एक म्हणाला टोन एकसारखा नाहीये, आणि एकीने खरं खरं सांगितलं की तिसऱ्या पानावर मी फोन बघायला लागले. आता गंमत अशी की तिसऱ्या पानावरच सगळ्यात मोठं भांडण आहे! जिकडेतिकडे वाचतो की कथेत संघर्ष पाहिजे संघर्ष पाहिजे, म्हणून टाकला ना भरपूर, तरी असं का? आणि टोन एकसारखा ठेवायचा म्हणजे नक्की करायचं काय? नमुना देतो:

"तू पहिल्यापासून स्वार्थीच आहेस!" तो संतापाने ओरडला. "आणि तू? तू कधी बाबांची साधी विचारपूस तरी केलीस?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. त्याने खुर्ची लाथाडली. त्या भयाण रात्री क्रूर नियतीने दोन जिवांची कायमची ताटातूट केली होती.

बिनधास्त फाडा, मनावर घेणार नाही. (थोडं घेईन.)

खोडरबर

फाडतो मग :)

मुळात "संघर्ष" हा शब्दच घोळ करतो. ऐकला की डोळ्यासमोर मारामारी नाहीतर आरडाओरडा येतो. मी स्वतःपुरता "पेच" म्हणतो. दोघांना दोन गोष्टी हव्यात आणि दोन्ही एका वेळी मिळू शकत नाहीत, हा पेच. भांडण म्हणजे त्या पेचाचा आवाज, आणि तुमच्या उताऱ्यात नुसता आवाज आहे. भावाला घर का ठेवायचंय? बहिणीला का विकायचंय? या पाच ओळींत तरी मला कळलं नाही, कथेत दुसरीकडे कुठे असेल तर माफ करा. "स्वार्थी आहेस" हे वाक्य कुठल्याही दोन माणसांच्या कुठल्याही भांडणात चिकटवता येतं, तिथेच वाचणाऱ्याचं लक्ष उडतं.

विषय मात्र भक्कम आहे हो. अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की शत्रूने शत्रूवर वार केला तर बघणाऱ्याच्या काळजाला फारसं काही होत नाही, रक्ताच्या नात्यात तसं घडलं की मात्र होतं. तुमच्याकडे नातं आयतं आहे. आता दोघांनाही बरोबर ठरवा. बहीण बरोबर, भाऊही बरोबर, तरी दोघांना हवं ते मिळणार नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल शोकांतिकेबद्दल साधारण हेच म्हणतो, दोन बरोबर बाजू एकमेकांवर आदळतात. एक जण चूक निघाला की वाचक दुसऱ्याच्या बाजूने निकाल लावून मोकळा होतो, मग पुढचं कशाला वाचेल?

रात्रपाळी

खोडरबरशी सहमत, मी टोनचं बोलते.

"क्रूर नियती", "भयाण", "घळाघळा", "ताटातूट"... बहीण रडायच्या आधी तुमचा निवेदकच रडून घेतोय. वाचणाऱ्याला काही कामच उरत नाही. रशियन कथाकार चेखवने 1892 मध्ये एका लेखिकेला पत्रातून सल्ला दिला होता की वाचकाच्या मनात करुणा जागवायची असेल तर लिहिताना जरा थंड राहा, म्हणजे दुःखाला मागे पडदा मिळतो आणि ते उठून दिसतं. टोन म्हणजे माझ्या लेखी सांगणाऱ्याचा सूर आणि त्याचं अंतर, तो पात्रांच्या किती जवळ उभाय, त्यांच्यावर चिडलाय की त्यांना सांभाळून घेतोय की नुसता बघतोय. प्रसंग बदलले तरी हे अंतर उगाच हलता कामा नये. तुमचा निवेदक पहिल्या चार ओळी खोलीत उभा राहून बघतोय आणि पाचव्या ओळीत एकदम आभाळात जाऊन नियतीबद्दल बोलायला लागतो. "एकसारखा नाही" म्हणणारा मित्र बहुतेक इथेच अडखळला असणार.

तुमचाच प्रसंग घेऊन बघते, रागावू नका:

बाबांचा फोन अजून चार्जिंगला लावलेला होता. ती म्हणाली, "नंबर बंद करायचाय ना?"
"करू."
"मागच्या महिन्यातही करू म्हणाला होतास."
त्याने फोन उचलला, किती टक्के झालंय बघितलं आणि परत होता तसा ठेवला. "शुक्रवारी लोक येतायत ना घर बघायला?"
"दोघं येतायत."
"मग शुक्रवारपर्यंत राहू दे."

आवाज कुणी चढवला नाही, घर विकू की नको हेसुद्धा कुणी बोललं नाही, पण त्याला काय धरून ठेवायचंय ते कळतं, आणि तिला हे सगळं एकदाचं मार्गी लावायचंय तेही. "तो दुःखी होता" असं लिहावंच लागलं नाही, टक्के बघतो तेवढं पुरे. क्रियापदांकडेही लक्ष द्या. "संतापाने ओरडला" लिहावंसं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आतला संवाद कच्चा असतो म्हणून वर लेबल लावावं लागतं. संवाद पक्का असला की "म्हणाला" चालतं, कधी तेही लागत नाही.

तिरकस

सगळं मान्य, पण एवढ्या मंद आचेवर साडेतीन हजार शब्द कोण वाचणार? ताणाला इंधन लागतं, आणि ते म्हणजे माहिती, कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणाला नाही.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलेलं उदाहरण आहे ना, 1962 ची मुलाखत. टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला माहीत नसताना तो फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. पण आधीच दाखवला आणि वर माणसं शिळोप्याच्या गप्पा मारतायत, तर तीच कंटाळवाणी गप्पाटप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकली जाते. तुझ्या कथेत बॉम्ब कुठाय? माझं ऐकशील तर पहिल्याच पानावर सांगून टाक की बहिणीने इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) घेऊन ठेवलाय आणि भावाला अजून पत्ता नाही. मग वरचा फोनवाला संवाद परत वाच. "शुक्रवारपर्यंत राहू दे" हे वाक्य एकदम वेगळं लागतं की नाही? भावाला वाटतंय लोक नुसते बघायला येतायत, आणि वाचणाऱ्याला माहितीये की ते ठरवून येतायत.

आणि अजून एक, हे "संघर्ष नाही तर कथा नाही" प्रकरण फार ताणू नका रे. पूर्व आशियात चार टप्प्यांची मांडणी आहे, चीनमधल्या कवितेतून आलेली, जपानीत किशोतेनकेत्सु म्हणतात. सुरुवात, पुढचा विस्तार, मग अचानक वेगळीच बाजू समोर येते आणि शेवटी तिच्यासकट सगळ्याची जुळणी. कुणी कुणाच्या विरोधात उभंच राहावं लागत नाही. अर्थात तुझ्या कथेत पेच आहेच, तर तो वापर, पण पुढच्या कथेत उगाच खलनायक शोधत बसू नकोस.

रात्रपाळी

@तिरकस इसाराची कल्पना भारीये, पण मग बहीण लबाड ठरते ना? खोडरबर म्हणतोय दोघंही बरोबर हवेत.

तिरकस

लबाड कशाला, सांगायचं राहून गेलं. दर वेळी सांगायला येते आणि तो फोन चार्जिंगला लावताना दिसतो. मग सांग बघू तू!

रात्रपाळी

हां. असं असेल तर मी पण नाही सांगणार.

जुनी_वही

थोडं आपल्याकडचं बोलू? नाट्यशास्त्रात आठ रस मूळचे, शांत नंतर धरला गेला. ते लिहिणाऱ्या भरतमुनींनी त्यांच्या जोड्या लावल्यात, शृंगारातून हास्य, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक आणि रौद्रातून करुण. या शेवटच्या जोडीकडे बघा कारण धागाकर्त्याची कथा तीच आहे. पण त्याच्या उताऱ्यात रौद्र आणि करुण एकाच ओळीत शेजारी शेजारी उभे केलेत, तो ओरडला की लगेच ती रडली. रागातून दुःख पाझरायला वेळ लागतो, मधे काहीतरी लागतं. भांडण सकाळचं ठेवा, रडू संध्याकाळी येऊ द्या, तेही दुसऱ्याच कुठल्यातरी फालतू कारणावरून. आणि मधे थोडं हसू आलं तरी सूर बिघडत नाही बरं का. मयताच्या घरात माणसं हसतातच की, आणि नंतर ओशाळतात. निवेदक बदलला नाही की झालं.

अर्धवट_लेखक

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसलो. खुर्ची काढली, नियती काढली (जीवावर आलं, आवडतं वाक्य होतं), इसार पहिल्या पानावर नेला. कथा साडेतीन हजारांवरून सव्वीसशेवर आली आणि मोठं भांडण चक्क आपोआप गळून पडलं, कारण लिहायला गेलो तर दोघांकडे एकमेकांना ओरडून सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

आता शेवटच अडलाय. शुक्रवारी लोक येतात, दार वाजतं, भाऊ दार उघडायला जातो. त्याला कळू द्यायचं की नाही?

खोडरबर

दार कोण उघडतं ते बदलून बघा. बहीण गेली तर?

रात्रपाळी

किंवा दार वाजायच्या ऐवजी बाबांचा फोन वाजू दे. घर बघणाऱ्यांनी जुन्याच नंबरवर लावलाय. आणि तो उचलतो.

अर्धवट_लेखक

...थांबा, वही घेतो.